व्हीआर हेडसेट लावताना कुलरचं तोंड फिरवा
नागपूरच्या मे महिन्यात व्हीआर हेडसेट (आभासी जगातले खेळ दाखवणारा, डोळ्यांवर चढवायचा स्क्रीन) लावला की थोड्या वेळात डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. खेळात गुंतल्यावर पापण्या कमी लवतात, त्यात कुलरचा झोत नाकाजवळच्या फटीतून आत शिरतो.

१. कुलर पाठीमागे घ्या.
२. दर २० मिनिटांनी हेडसेट काढून दहादा डोळे पूर्ण मिटा. अर्धवट मिटले तर बुबुळाचा खालचा भाग कोरडाच राहतो.
३. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजा: आरशासमोर कपाळावर मोजपट्टी धरा. डावा डोळा मिटून शून्य उजव्या बाहुलीवर आणा, मग उजवा मिटून डाव्या बाहुलीवरचा आकडा वाचा. ६३ मिमी आला तर हेडसेटच्या दोन भिंगांतलं अंतरही तेवढंच ठेवा. हे चुकलं की येणाऱ्या ताणाला लोक उगाच कोरडेपणा समजतात.

काढलेला हेडसेट खिडकीत ठेवू नका; भिंगांतून ऊन एकवटून आतला स्क्रीन जळतो.