लाइनबॅकरचा खेळ पाहताना या चुका टाळा

दर रविवारी दुपारी एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे, सामने पाहण्यासाठी आमच्या घरी चार-पाच मराठी कुटुंबे जमतात, आणि गेली बारा-तेरा वर्षे मी तीच तीन वाक्ये ऐकत आले आहे: ‘याने आज एकही टॅकल केलेला नाही’, ‘पाहा, पुन्हा फसला’ आणि ‘वहिनी, याला पळताच येत नाही’. पाहुणे बदलतात, वाक्ये बदलत नाहीत. बोलणे असते लाइनबॅकरविषयी, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीमागे उभ्या राहणाऱ्या खेळाडूविषयी; आणि टॅकल म्हणजे चेंडू घेतलेल्याला पकडून पाडणे.

या सगळ्यांच्या मनातला लाइनबॅकर जुना आहे. १९६५ ते १९७३ या काळात शिकागो बेअर्सकडून खेळलेल्या डिक बटकससारखा, मैदानाच्या मधोमध पाय रोवून उभा राहणारा आणि चेंडू घेऊन येणाऱ्याला जमिनीवर आपटणारा. त्या खेळाचा पाया १९७८ सालीच हलला. पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) धक्का देण्यास त्या वर्षी बंदी आली आणि आक्रमक फळीला हात पसरून, तळवे उघडे ठेवून अडवण्याची मुभा मिळाली. २००४ पासून पंच धक्क्याचा नियम अधिक कडकपणे लावू लागले. पास फेकणे सोपे आणि फायद्याचे झाल्यावर संघ तीन-तीन, चार-चार रिसीव्हर उतरवू लागले आणि त्यांना आवरण्यासाठी पाचवा डिफेन्सिव्ह बॅक (मागे राहून पास अडवणारा) आत आला. तो आला म्हणजे कोणीतरी बाहेर गेलाच, आणि बहुतेक वेळा तो तिसरा लाइनबॅकर असतो. हा पाच बॅकचा निकल बचाव आता अपवाद राहिलेला नाही, तोच नेहमीचा बचाव आहे. त्यामुळे उरलेल्या दोन लाइनबॅकरांना धावही अडवायची असते आणि ५३ यार्ड रुंदीच्या मैदानाचा मधला पट्टाही राखायचा असतो. हे ध्यानात न घेता केलेली कोणतीही टीका मला ऐकवत नाही.

टॅकल मोजणे ही सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत पसरलेली चूक आहे. २०२१ च्या हंगामात फोयेसादे ओलुओकुन याने लीगमध्ये सर्वाधिक, म्हणजे १९२ टॅकल केले, आणि त्याचा संघ अटलांटा फाल्कन्स १७ पैकी १० सामने हरला. यात त्या खेळाडूची निंदा नाही, मोजमापाची आहे. पास पूर्ण होऊन आठ यार्ड गेल्यावर केलेला टॅकल आणि चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकला खेळी सुरू झालेल्या रेषेमागेच गाठून केलेला टॅकल वहीत सारखाच उमटतो. उलट लाइनबॅकर योग्य जागी उभा असल्यामुळे क्वार्टरबॅकने जो पास फेकलाच नाही, त्याची नोंद कुठेच होत नाही. मी प्रत्येक टॅकलपुढे त्या वेळचा डाऊन (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा), हवे असलेले यार्ड आणि दिलेले यार्ड लिहिते. तिसऱ्या डाऊनला सात यार्ड हवे असताना चौथ्या यार्डावर केलेला टॅकल म्हणजे काम फत्ते, आणि पहिल्या डाऊनला नवव्या यार्डावर केलेला टॅकल म्हणजे वेळ मारून नेणे. यासाठी शाळकरी वही आणि पेन्सिल पुरते. सोमवारी सकाळी इंटरनेटवर मिळणारे तयार गुण वाचून मत बनवणाऱ्यांना एवढेही कष्ट नको असतात.

आता माझ्या लाडक्या चुकीकडे येते, कारण ती मी स्वतः केली आहे आणि चारचौघांत केली आहे. ५ फेब्रुवारी २०१७ रोजी ह्यूस्टनमध्ये झालेल्या सुपर बोलमध्ये (लीगच्या अंतिम सामन्यात) फाल्कन्स तिसऱ्या क्वार्टरमध्ये २८–३ असे पुढे होते. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा रनिंग बॅक जेम्स व्हाइट त्या दिवशी पाठीमागून निघून पासवर पास झेलत राहिला. एकंदर १४ झेल, ११० यार्ड आणि तीन टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणे), त्यांतला शेवटचा जादा वेळेत, ज्याने सामना ३४–२८ असा संपवला. मी त्याच रात्री आमच्या ग्रुपवर भलामोठा संदेश टाकला. फाल्कन्सचे लाइनबॅकर जड आहेत, संथ आहेत, आजच्या खेळात अशांचे काम नाही, असा माझा निकाल होता.

पुढच्या आठवड्यात संपूर्ण मैदान दाखवणाऱ्या चित्रणात तोच सामना पुन्हा पाहायला घेतला आणि माझी बोलती बंद झाली. ज्यांना मी संथ म्हटले होते ते डिऑन जोन्स आणि डिव्हॉन्ड्रे कॅम्पबेल हे त्याच हंगामात आलेले नवखे होते, आणि जोन्स तर चपळतेसाठीच निवडलेला, हलक्या अंगाचा, नव्या जमान्याचा लाइनबॅकर होता. चपळ माणसे आणूनही व्हाइटने १४ झेल घेतलेच. मग मी मोजायला बसले. पेट्रियट्सने त्या सामन्यात ९३ खेळी केल्या होत्या आणि फाल्कन्सने केवळ ४६. म्हणजे फाल्कन्सचा बचाव दोन सामन्यांचे काम एका संध्याकाळी करत होता. क्वार्टरबॅकवर धावून जाणारी पुढची फळी दमली, पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला वेळ मिळू लागला, आणि बाकीचे रिसीव्हर बचाव खोल ओढून नेत असताना व्हाइटसमोर एकटा लाइनबॅकर उरू लागला. अशा वेळी रनिंग बॅकला आत वळायचे की बाहेर हे ठरवण्याची मुभा असते. लाइनबॅकर आतल्या बाजूला उभा असेल तर तो बाहेर वळतो, बाहेर असेल तर आत. मदतीला कोणी नसेल आणि फळीचा दबाव नसेल, तर चित्त्याच्या वेगाचा माणूसही तिथे उशिराच पोहोचतो. ग्रुपवर माफीचा संदेश टाकला, तर त्याला एकच उत्तर आले: ‘बरं.’

वेगाचा हा मोह केवळ प्रेक्षकांनाच असतो असे नाही. २०२० मध्ये ॲरिझोना कार्डिनल्सने आयझाया सिमन्सला ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) आठव्या क्रमांकावर घेतले. २३८ पौंड वजनाच्या या खेळाडूने ४० यार्ड ४.३९ सेकंदांत कापले होते, पण त्याची पक्की जागाच ठरेना आणि २०२३ मध्ये तो न्यू यॉर्क जायंट्स या संघाकडे गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने फ्रेड वॉर्नरला २०१८ मध्ये तिसऱ्या फेरीत, ७० व्या क्रमांकावर घेतले आणि तो या पिढीतला सर्वोत्तम लाइनबॅकर ठरला. वॉर्नर मागे सरकताना कधी निरखून पाहा. तो क्वार्टरबॅककडे टक लावून बसत नाही. दोन पावले मागे टाकतो, मान वळवून पाठीमागून कोण येत आहे ते पाहतो, पुन्हा क्वार्टरबॅककडे वळतो, आणि दिसत नसलेल्या रिसीव्हरच्या वाटेत आधीच जाऊन उभा राहतो. ४० यार्डांच्या शर्यतीत हे मोजता येत नाही.

शार्लटला असताना मी ल्यूक कीक्लीला मैदानात जाऊन पाहिले आहे. कॅरोलिना पँथर्सचा हा लाइनबॅकर २०१३ चा सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि जानेवारी २०२० मध्ये, वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी निवृत्त झाला. मी स्नॅपच्या (खेळी सुरू करताना चेंडू मागे देण्याच्या) आधी चेंडूकडे पाहणे सोडले ते त्याच्यामुळे. तो हात दाखवून पुढच्या फळीतल्या खेळाडूला अर्धे पाऊल सरकवायचा, मागे वळून सेफ्टीला (सर्वांत मागच्या बचावपटूला) काही ओरडायचा, समोरच्यांनी माणूस हलवला की पुन्हा सगळी मांडणी बदलायचा. २००८ पासून बचावातील एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो, पण स्नॅपच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. त्यानंतरची अक्कल ज्याची त्याची. हा भाग पाहायचा असेल तर दोन खेळींच्या मध्ये मोबाइल उघडू नये, आणि हे मी माझ्या घरातल्यांनाही पटवू शकलेले नाही.

‘फसला’ हा शब्द वापरण्यापूर्वी गार्डचे डोके पाहावे. आक्रमक फळीतला गार्ड हेल्मेट खाली ठेवून पुढे घुसला तर धाव आणि तो उभा राहिला तर पास, ही लाइनबॅकरची पहिली खूण असते. प्ले-ॲक्शनमध्ये (धावेचे सोंग करून पास फेकण्याच्या चालीत) गार्ड मुद्दाम डोके खाली ठेवतो, रनिंग बॅक पोटाशी हात घेऊन धावतो, लाइनबॅकर दोन पावले पुढे येतो, आणि त्याने सोडलेल्या जागेत, बारा-पंधरा यार्डांवर, रिसीव्हर आडवा पळत येतो. घरी बसून हे चुकीचे दिसते. परंतु दोन्ही सेफ्टी खोल उभे असतील तर धाव अडवायला पुढे माणसे कमी असतात, आणि लाइनबॅकर पुढे आला नाही तर दहा यार्ड फुकट जातात. आरपीओमध्ये (धाव की पास हे खेळी सुरू झाल्यावर ठरवण्याच्या चालीत) तर क्वार्टरबॅक त्याच्याकडे पाहूनच ठरवतो. तो पुढे आला तर त्याच्या मागे पास, थांबला तर चेंडू रनिंग बॅकच्या हाती. इकडे आड, तिकडे विहीर. मी आधी सेफ्टी मोजते, मग लाइनबॅकरची पहिली दोन पावले पाहते, आणि तिसरे पाऊलही पुढेच पडले असेल तरच त्याला दोष देते.

किरकोळ चुका थोडक्यात सांगते. पिट्सबर्ग स्टीलर्सच्या टी. जे. वॉटच्या नावापुढे लाइनबॅकर लिहिलेले असले आणि २०२१ मध्ये त्याने २२.५ सॅक (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणे) केले असले, तरी त्याचा धंदा क्वार्टरबॅकवर धावून जाण्याचा आहे. त्याची तुलना वॉर्नरशी करू नये. कबड्डीतला कोपरारक्षक म्हणजे लाइनबॅकर, हे नवख्यांना समजावण्याचे सोपे साधन मी स्वतः वापरून पाहिले आहे आणि सोडून दिले आहे, कारण कबड्डीत पाठीमागून पास येत नाही. एका सामन्याची क्षणचित्रे पाहून कोणाचेही मूल्यमापन करू नये.

लाइनबॅकर आता संपला, ही घोषणाही घाईची आहे. बचाव हलके झाले, तेव्हा संघ पुन्हा धावू लागले. २०२४ च्या हंगामात सेक्वॉन बार्कलीने २,००५ आणि डेरिक हेन्रीने १,९२१ यार्ड धाव घेतली. बार्कलीच्याच फिलाडेल्फिया ईगल्सने त्या वर्षी झॅक बॉनला एका वर्षाच्या, ३५ लाख डॉलरच्या करारावर आणले. न्यू ऑर्लीन्समध्ये बहुतांश फळीच्या काठावर आणि स्पेशल टीममध्ये (चेंडूला लाथ मारण्याच्या खेळींसाठी उतरणाऱ्या संघात) खेळलेल्या या माणसाला बचावाचा प्रशिक्षक विक फँजिओने मधला लाइनबॅकर केले, तो ऑल-प्रो झाला (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत आला), आणि पुढच्या मार्चमध्ये त्याच संघाने त्याला तीन वर्षांसाठी ५ कोटी १० लाख डॉलर दिले.

९ फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये आमच्याकडचे एक काका ‘लाइनबॅकर पाठवा, ब्लिट्झ करा’ असे सारखे ओरडत होते. ब्लिट्झ म्हणजे पुढच्या फळीखेरीज आणखी बचावपटूंना क्वार्टरबॅकवर धाडणे. ईगल्सने त्या सामन्यात एकदाही ब्लिट्झ केला नाही. चौघेजण पुढे जात होते, समोरच्या कॅन्सस सिटी चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला सहा वेळा पाडत होते, आणि लाइनबॅकर मागे सरकून आपापला पट्टा राखत होते. दुसऱ्या क्वार्टरमध्ये काकांनी पुन्हा ‘पाठवा’ म्हटले आणि त्याच खेळीत मागे राहिलेल्या बॉनने झेप घेऊन महोम्सचा पास पकडला. पाठोपाठ ईगल्सच्या ए. जे. ब्राउनचा टचडाऊन झाला आणि मध्यंतराला स्कोअर २४–० होता. काकांनी बशीतला बटाटवडा संपवला आणि बॉन हा नेमका कोणत्या जागी खेळतो, असे विचारले.