क्लॅटसाठी इंग्रजी शब्द: माझी वही कशी भरली

मी साताऱ्यात मराठी माध्यमात शिकले. क्लॅट, म्हणजे कायद्याच्या पदवीची प्रवेश परीक्षा, द्यायचं ठरलं तेव्हा आधी जाडजूड शब्दयादी घोकायला घेतली; ‘ए’च्या पुढे गाडी सरकलीच नाही. २०२० पासून तिथे इंग्रजीचे प्रश्न उताऱ्यावर येतात, अर्थ वाक्यातून काढावा लागतो. तेव्हा यादी ठेवा बाजूला.

रोज एक अग्रलेख वाचा. शब्द अडला की लगेच कोश उघडू नका, आधी अंदाज बांधा. मग पाचच शब्द वहीत, अख्ख्या वाक्यासकट.

शब्द फोडायला शिका, खरी गंमत तिथे आहे. लॅटिनमध्ये ‘बेने’ म्हणजे चांगलं, ‘माले’ म्हणजे वाईट. म्हणून ‘बेनेव्होलंट’ भलं चिंतणारा, ‘मॅलेव्होलंट’ वाईटावर टपलेला. ‘मॉर्टल’ आणि आपला ‘मृत्यू’ तर एकाच मुळाचे. ‘इम्मॉर्टल’ म्हणजे अमर, हे मला पुन्हा पाठ करावं लागलं नाही.

मग घरातल्या माणसावर स्वतःचं वाक्य लिहा. ‘फ्रूगल’ म्हणजे काटकसरी, त्याला माझी आजी बसली: दुधाची पिशवी विसळून ते पाणी चहात घालणारी. ‘स्टिंजी’ म्हणजे कंजूष नव्हे हं, तो काका.

दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने अर्थ झाकून स्वतःला विचारा. चुकलेला शब्द परत पहिल्या पानावर.