जुना लॅकर गिटारला मारायचाय? आधी काचेवर मारून बघा

लॅकरचा डबा चार वर्षं फळीवर पडून आहे, झाकणाला गंज चढलाय, आत अर्ध्याहून जास्त माल आहे आणि फेकायला जीव होत नाही, असं असेल तर डब्यावरची तारीख बघत बसू नका, आतला माल बघा. मी बोलतोय ते एनसी लॅकरबद्दल, म्हणजे नायट्रोसेल्युलोज. हा फक्त थिनर उडून सुकतो, त्यामुळे नुसता घट्ट झाला असेल तर थिनर घालून परत पातळ होतो. हार्डनर मिसळून सुकणाऱ्या पीयू (पॉलियुरेथेन) आणि मेलामाइन फिनिशचं तसं नाही, ते जुने झाले की सरळ बाद. चपड्याचंही, म्हणजे लाखेच्या शेलॅकचंही, ऐकून ठेवा, सुके तुकडे बरेच टिकतात पण स्पिरिटमध्ये विरघळवून सहा महिने-वर्ष ठेवलेला असेल तर तो नीट सुकतच नाही, चिकट राहतो.

झाकण उघडल्यावर वर साय असली तर ती काढून टाका, ढवळून त्यात मिसळू नका. आत जेलीसारखे गोळे झाले असतील तर थिनरचा अख्खा कॅन ओतलात तरी ते परत विरघळत नाहीत, विसरा. वास नेहमीच्या थिनरसारखा न येता आंबट झोंबला किंवा माल हिरवट-तपकिरी दिसला तर डबा गंजून आत उतरलाय, तो शिसवीला किंवा सागाला लावलात तर लाकडातल्या टॅनिनशी लोखंड मिळून काळे डाग पडतील. नुसता पिवळसर असला तर मात्र घाबरू नका, नायट्रो पिवळा पडतोच, स्प्रूस लाकडाच्या टॉपवर, म्हणजे गिटारच्या पुढच्या फळीवर, तर तो रंग मला उलट आवडतो, कडेच्या पांढऱ्या पट्टीवर (बाइंडिंगवर) तेवढा खटकतो.

आता टेस्ट. जुन्या पंचाच्या दुहेरी कापडातून लॅकर गाळा, काचेच्या तुकड्यावर आणि त्याच गिटारच्या लाकडाच्या उरलेल्या तुकड्यावर एकेक हात मारा आणि तीन दिवस विसरून जा. मग नख दाबा. काचेवर नखाचा ठसा उमटला तर तो डबा गिटारसाठी नाही, देवळाच्या बाकाला मारा हवा तर. मी एकदा ही टेस्ट टाळली, वरवर सुकलंय असं वाटून तारा चढवल्या, वाजवायला घेतली तर दुपारच्या घामात हात बॉडीला चिकटला आणि सोडवला तर मनगटावरचे केस टॉपवर छापलेले! सगळं घासून परत पहिल्यापासून.

टेस्ट पास झाली तरी गोव्यात खरी अडचण डब्यापेक्षा हवेची. थिनर भरभर उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि फिनिश दुधासारखी पांढरी पडते. जून ते सप्टेंबर मी स्प्रे गन हातातच घेत नाही, चवथीच्या आधी गिटार पाहिजे म्हणून कितीही फोन येवोत. डिसेंबर ते फेब्रुवारी सकाळी अकरानंतर दोन-तीन तास मिळतात, हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजणारा) ६५ टक्क्यांच्या वर गेला की थांबायचं. थोडं पांढरं पडलंच तर कोरड्या दिवशी रिटार्डर (हळू उडणारा थिनर) मिसळलेल्या थिनरचा हलका फवारा मारा, बहुतेक वेळा निघतं.

मारण्याआधी ब्रिजची, म्हणजे टॉपवर तारा जिथे अडकवतात त्या पट्टीची, जागा टेपने झाकायची, कारण गोंद लाकडाला धरतो, लॅकरला नाही, आणि लॅकरवर चिकटवलेला ब्रिज तारांच्या ओढीने एक दिवस उखडतो. फ्रेटबोर्डही (बोटं दाबायची मानेवरची पट्टी) झाका. मग लॅकर आणि थिनर निम्मे-निम्मे, त्यात पाच ते दहा टक्के रिटार्डर, आणि पातळ हात, दिवसाला तीन, मध्ये तास-दीड तास जाऊ द्यायचा. नवा हात खालच्या हातात विरघळून एकजीव होतो म्हणून दर वेळी घासायची गरज नाही, ओघळ आला तरच घासा. आठ-दहा हात पुरतात, जाड थर दिला तर टॉपचा आवाज दबतो.

घरात मारत असाल तर देवघरातला दिवा, गॅस, पंख्याचं बटण सगळं लांब, थिनरची वाफ जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि पेट घेते. कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क हवा, कापडी चालत नाही. लॅकरचे बोळे पाण्यात बुडवून ठेवा, उरलेला माल विहिरीच्या आसपास ओतू नका.

शेवटचा हात मारल्यावर महिनाभर टांगून ठेवा. रबरी स्टँडवर ठेवू नका, रबराने नायट्रो मऊ पडून डाग उमटतो आणि तो जात नाही. महिन्यानंतरही बफिंगला घाई नको, बॉडीला नाक लावून वास घ्या, थिनर जरासा जरी जाणवला तर अजून आठवडा टांगा, मग ८००, १२००, २००० चा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून सुरू करा.