आधी फ्यूज, मग स्कॅनर

सोयाबीनच्या पोत्यांशेजारी चार महिने उभी राहिलेली माझी २००१ ची दोन-दारी युरोपीय गाडी चालू केली, तर चेक इंजिनचा दिवा विझेना. यवतमाळला नेण्याआधी बिघाडाचा कोड फोनवर दाखवणारा स्वस्तातला निळा ब्लूटूथ डोंगल मागवला. गाडीच्या तपासणी सॉकेटला (ओबीडी) लावला, पण त्यात जीवच नाही. परत पाठवणार होतो, तेवढ्यात शेजारचा मोटर बांधणारा दादा म्हणाला, "भाऊ, आधी करंट येऊन रायला का ते तं पाय!"

मल्टिमीटर त्या सॉकेटच्या ४ (अर्थ) आणि १६ (बॅटरी प्लस) नंबरच्या पिनवर टेकवला. शून्य! सिगारेट लायटरचा फ्यूज उडाला होता आणि माझ्या गाडीत सॉकेटही त्याच फ्यूजवर. तो बदलल्यावर डोंगल पेटला, तरी इंजिनशी बोलेना. माझी गाडी ७ नंबरच्या पिनवरच्या के-लाइन या जुन्या डेटा वायरवर बोलते, नव्या गाड्यांसारखी कॅन या डेटा जाळ्यावर नाही. डोंगलच्या खोक्यावर 'सर्व प्रोटोकॉल' छापलेलं होतं म्हणा.

मग वायरवाला हँडहेल्ड स्कॅनर घेतला. घेताना आयएसओ ९१४१ (के-लाइनवरचा प्रोटोकॉल, म्हणजे बोलायची पद्धत) आणि एबीएस वाचतो का, एवढंच विचारलं. कोड आला पी०१०२, एअर फ्लो सेन्सरचा सिग्नल कमी. सेन्सर महाग, म्हणून आधी वायर चाचपली. उंदरानं कुरतडलेली! जोडून टेप मारला, कोड पुसला. दिवा परत लागला नाही.