बेळगावहून विमानाने निघताय? अंतराच्या हिशोबातल्या या चुका टाळा

निपाणीच्या आमच्या दाजींनी मागे कागदावर हिशोब मांडला होता. सांबरा, म्हणजे बेळगावचा विमानतळ, ते बेंगळूर विमानतळ 445 किलोमीटर, विमान पळतंय ताशी आठशेनं, म्हणजे अर्ध्या तासात बेंगळूर. अकराला उडायचं, बाराला मल्लेश्वरमला कामावर हजर! प्रत्यक्षात दोन वाजून गेले.

ताशी आठशे हा मोठ्या जेट विमानाचा उंचावरचा वेग. एवढ्या जवळच्या पल्ल्यात निम्मा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो. त्यात एटीआर-72, म्हणजे पंख्याचं विमान असलं तर वेग ताशी पाचशेच्या आसपास. शिवाय वेळापत्रकातली वेळ मोजतात ती विमान जागेवरून हललं तेव्हापासून तिकडं जागेवर थांबेपर्यंत. भागाकार करत बसू नका, तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करा. आणि पुढं देवनहळ्ळीच्या विमानतळावरून बेंगळूर शहर गाठायला तीसेक किलोमीटरची गर्दी आहेच, तीच दाजींना नडली.

एखाद्या ठिकाणी बेळगाव-बेंगळूरचं हेच हवाई अंतर 240 दिसतं आणि माणूस गोंधळतो. तो आकडा सागरी मैलांचा. एक सागरी मैल 1.852 किलोमीटर, गुणून बघा, जमतंय.

सरळ रेषा सगळ्यात जास्त फसवते ती गोव्याच्या बाबतीत. सांबऱ्याहून गोव्याचा मोपा विमानतळ हवेतून जेमतेम 80 किलोमीटर, पण मध्ये सह्याद्री उभा आहे. पावसाळ्यात चोर्ला घाटातून विमान पकडायला निघायचं म्हणजे हातात दोन तास जादा ठेवायला हवेत. त्यात 2023 पासून गोव्यात विमानतळ दोन. तिकिटावरचा विमानतळाचा कोड बघा: मोपा जी-ओ-एक्स, दाबोळी जी-ओ-आय. एका अक्षराचा फरक, आणि टॅक्सी भलत्याच टोकाला. आपलं बेळगाव आय-एक्स-जी आणि मंगळूर आय-एक्स-ई, इथंही तीच गत.

दुबईला जाणारे आणखी एका जागी चुकतात. मुंबईहून दहाला सुटून साडेअकराला पोचलं, म्हणून प्रवास दीड तासाचा नव्हे. तिकिटावर त्या-त्या गावची वेळ असते आणि दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. प्रवास तीन तासांचा. येताना उलट, घड्याळ जास्त वेळ दाखवतं.

निपाणी-चिकोडीकडच्यांनी एक बघावं. निपाणीहून कोल्हापूरचं उजळाईवाडी सांबऱ्यापेक्षा जवळ पडतं, हायवेला लागूनच. तुम्हाला जायचंय त्या गावाला तिथून विमान आहे का, ते आधी तपासा. आणि चेक-इनचा काउंटर बहुतेक ठिकाणी उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, तेव्हा घरातून निघायची वेळ त्या तासापासून मागं मोजा, उड्डाणापासून नव्हे.