कर्ज फिटलं, तरी हप्ता कापला गेला?
आंब्याचे पैसे हातात आले की कर्ज एकरकमी फेडून मोकळं होणारे बागायतदार देवगड-रत्नागिरीकडे बरेच. पण हप्ता आपोआप कापायची जुनी संमती तशीच राहते, अन् पुढच्या महिन्यात खात्यातून पैसे पुन्हा जातात. ते सोडू नका. करार कायदा १८७२, कलम ७२ प्रमाणे चुकून दिलेली रक्कम परत करावीच लागते. लेखी अर्जाला कर्जखात्याचा उतारा, बेबाकी दाखला (कर्जाची काही बाकी नाही असा) आणि कापलेल्या हप्त्याची पासबुकातली नोंद जोडा. दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. 'बघतो, या पुढच्या सोमवारी' यावर परतू नका. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे. पतसंस्था असेल तर सहकार खात्याचे सहाय्यक निबंधक. बागेवर कर्ज होतं ना? मग सातबाऱ्यावरचा बोजाही लगेच उतरवून घ्या.