पुशबॅकच्या वेळी विमानाची धडक कशी टाळावी

पुशबॅकमध्ये टग (ढकलणारे वाहन) विमानाला बेमधून (उभे राहण्याच्या जागेतून) मागे ढकलत असतो तेव्हा वैमानिकाला मागचे काहीच दिसत नाही आणि अनेक प्रकारच्या विमानांत पंखांची टोकेही त्याच्या नजरेच्या टप्प्यात येत नाहीत. टगचालकासमोर विमानाचे नाक आणि पोट असते, तर विंगवॉकरला, म्हणजे पंखाच्या टोकाजवळून चालत लक्ष ठेवणाऱ्या माणसाला, आपल्या बाजूचे टोक दिसते. पूर्ण विमान एका जागेवरून कोणीच पाहू शकत नाही, म्हणून पुशबॅकची सगळी शिस्त एका नियमावर उभी करावी लागते: ‘ढकलणे चालू ठेवा’ ही खूण स्पष्ट दिसत असेल तोवरच विमान हलेल आणि ती दिसेनाशी झाली की लगेच थांबेल. कोणी ओरडले नाही, म्हणजे मागे मोकळे आहे, असे गृहीत धरणे सर्वांत घातक आहे.

तयारीची सुरुवात बेच्या पाहणीने करावी. एरोब्रिज (प्रवाशांच्या चढउताराचा पूल) पूर्ण मागे गेला आहे का, सामानाच्या ट्रॉल्या, शिड्या आणि शंकू आखलेल्या रेषेबाहेर गेले आहेत का, हे एकाच व्यक्तीने विमानाभोवती चालत जाऊन पाहावे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट 14 नुसार 24 ते 36 मीटरपेक्षा कमी पंखविस्ताराच्या ‘सी’ गटातील विमानाला बेमध्ये येताजाताना शेजारच्या विमानापासून वा इमारतीपासून किमान 4.5 मीटर आणि त्याहून मोठ्या विमानांना सामान्यतः 7.5 मीटर अंतर हवे. मात्र हे अंतर आखणीतले असते. शेजारचे विमान मध्यरेषेवरून थोडे बाजूला उभे असेल किंवा त्याचे नाक ठरलेल्या खुणेच्या अलीकडेच थांबले असेल, तर त्यातला काही भाग आधीच खर्ची पडलेला असतो. त्यामुळे आपल्या विमानाइतकेच शेजारचे विमान कसे उभे आहे हेही पाहावे.

टोबार (टग आणि विमानाचे पुढचे चाक जोडणारा दांडा) जोडण्यापूर्वी पुढच्या चाकाच्या स्टीअरिंगचा दाब तोडणारी बायपास पिन बसवावी. पिन नसेल आणि स्टीअरिंगला हायड्रॉलिक दाब मिळाला, तर चाक वळून टोबार झटक्याने फिरू शकतो. टग जोडला गेला आणि पार्किंग ब्रेक लागलेला असल्याची खात्री झाली, की मगच चॉक (चाकांना लावलेले अडसर) काढावेत.

विमानाचे तोंड कोणत्या दिशेला करायचे, यावरून गोंधळ होण्याचा मोठा धोका असतो. ‘पूर्वेकडे ढकला’ या वाक्यातून विमानाचे नाक पूर्वेला की शेपूट, हे कळत नाही. हेडसेटवरील कर्मचाऱ्याने वैमानिकाकडून नाकाची अंतिम दिशा आणि थांबण्याची जागा ऐकून ती परत म्हणून दाखवावी आणि टगचालकानेही ती समजल्याचे सांगावे. ग्राउंड कंट्रोलने मध्येच सूचना बदलली, तर आधी विमान थांबवावे आणि मग नव्या सूचनेची उजळणी करावी. चालत्या विमानात दिशा बदलण्याची घाई करू नये. परवानगी मिळाली म्हणजे मागची जागा रिकामी आहे, असेही समजू नये, कारण सेवारस्त्यावरून जाणारे वाहन नियंत्रकाला दिसेलच असे नाही.

वळणाची भूमिती नीट समजली, तर धडक नेमकी कुठे होऊ शकते हे आधीच ओळखता येते. टोबारने ढकलणे ट्रेलर मागे घेण्यासारखे असते: नाक उजवीकडे गेले की शेपूट डावीकडे वळते. विमान मुख्य चाकांच्या रेषेवरील एका बिंदूभोवती फिरते आणि मागे झुकलेल्या पंखांची टोके त्या रेषेच्या बरीच मागे असतात. त्यामुळे शेपूट ज्या बाजूला सरकते त्या बाजूचे टोकही बाहेर सरकते आणि तिथल्या वस्तूपासूनचे अंतर चालकाला वाटते त्यापेक्षा लवकर कमी होते. त्याच वेळी नाक विरुद्ध बाजूला बाहेर येत असते. म्हणूनच शेजारच्या विमानांच्या टोकांपलीकडे जाईपर्यंत शक्यतो सरळ मागे ढकलावे आणि वळण त्यानंतर घ्यावे. पुढच्या चाकाजवळ रंगवलेली वळणमर्यादेची खूण ओलांडू नये, कारण ती ओलांडल्यास चाकाच्या यंत्रणेला इजा होते.

विंगवॉकरने टोकाच्या थोडे बाहेर, टगचालकाला सतत दिसेल अशा जागी आणि इंजिनांच्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर चालावे. वेग चालत्या माणसाइतकाच असावा. विंगवॉकरला धावावे लागत असेल, तर टग जास्त वेगाने जात आहे, हे उघड आहे. गर्दीच्या ॲप्रनवर (विमाने उभी करण्याच्या आवारात) शेपटीकडेही एक माणूस द्यावा. मनुष्यबळ कमी आहे म्हणून एकाच विंगवॉकरवर काम भागवण्याची सवय मला अजिबात पटत नाही, कारण त्याच्या विरुद्ध बाजूचे टोक तेव्हा कोणाच्याच नजरेखाली नसते. डोक्यावर दोन्ही हात फुलीसारखे धरणे म्हणजे ‘थांबा’. ही खूण संघातील सर्वांत नव्या माणसानेही विनासंकोच द्यावी आणि तिचे कारण विमान थांबल्यावर विचारावे.

थांबवण्याचे काम मात्र टगचालकाचे आहे. पुशबॅक चालू असताना वैमानिकाने एकदम ब्रेक दाबल्यास टोबारची शिअर पिन (जास्त ताण आल्यास तुटावी म्हणून बसवलेली खीळ) तुटू शकते किंवा पुढच्या चाकाच्या दांड्याला धक्का बसतो. म्हणून टोबार तुटणे किंवा टग सुटणे अशा आणीबाणीतच, तेही हेडसेटवरून सांगितल्यावर आणि हळुवारपणे, वैमानिकाने ब्रेक वापरावा. ओल्या वा बर्फाळ जमिनीवर टगची पकड सुटते, तिथे वेग आणखी कमी ठेवावा.

थांबल्यावर पार्किंग ब्रेक लागल्याचे ऐकूनच टोबार सोडावा, बायपास पिन काढून ती वैमानिकाला दाखवावी आणि त्याची पोच मिळेपर्यंत सर्वांनी त्याच्या नजरेसमोरच राहावे. किंचित स्पर्श झाल्याची शंका असली, तरी विमान पुढे जाऊ देऊ नये व लगेच देखभाल अभियंत्याला बोलवावे: कार्बन तंतूंच्या संमिश्र साहित्याच्या पृष्ठभागावर ओरखडाही दिसत नसताना आतले थर सुटलेले असू शकतात.